स्वतःचा गिट सर्व्हर: वाचकांचे प्रश्न

उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत, या खेपेला आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास जपणारे सॉफ्टवेअर. त्यात ठेवलेला टीमचा कोड दुसऱ्याच्या सर्व्हरवरून उचलून आपल्या ऑफिसात आणायचा तर सर्व्हरसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, आणि आणल्यावर जे बिघडते ते का बिघडते? आज्ञा आणि सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टंकताना ती मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच टंकावीत.

प्रश्न: आम्ही नऊ जण. फौंड्री आणि मशीन शॉपसाठी उत्पादन मोजणारे सॉफ्टवेअर करतो. कोड बाहेरच्या क्लाउडवर ठेवायचा नाही, असे एका गिऱ्हाइकाने करारातच घातले आहे. ऑफिसात ८ जीबी रॅमचा एक जुना आय-फाइव्ह पडून आहे. गिटलॅब, गिटी, फोर्जेयो, गॉग्स यांतले काय घेऊ? आमच्यातला प्रत्येक जण वेगळेच सांगतोय.
— उद्यमबाग, बेळगाव

उत्तर: फोर्जेयो घ्या. एस्पेरांतो भाषेत या शब्दाचा अर्थ लोहाराची भट्टी, तेव्हा उद्यमबागेत तो परका वाटू नये.

निवड करताना सोयींचे तक्ते बाजूला ठेवा आणि सर्व्हर बंद पडला की तो उठवणार कोण, एवढे आधी ठरवा. नऊ जणांच्या टीममध्ये त्यासाठी वेगळा माणूस नसतो. कोड लिहिणाऱ्यांपैकीच एकाच्या गळ्यात ते पडते. म्हणून त्याला एका संध्याकाळी पूर्ण समजेल एवढाच पसारा हवा. फोर्जेयो ही गो भाषेत लिहिलेली एकच चालणारी फाइल आहे. शेजारी एक डेटाबेस, रिपॉझिटरींचा (रिपॉझिटरी म्हणजे एका प्रकल्पाचा कोड आणि त्याचा सगळा इतिहास) एक फोल्डर आणि 'ॲप डॉट आयएनआय' नावाची एक सेटिंगची फाइल, संपले. लहान टीमला २ कोअर आणि १ जीबी रॅम पुरते, त्यामुळे तुमचा जुना आय-फाइव्ह निवांत चालेल.

गिटलॅबच्या पेटीत रूबीचे वेब ॲप, पोस्टग्रेस, रेडिस, साइडकिक, गिटाली, प्रोमिथियस असे एकत्र कुटुंब नांदते. ८ जीबी त्यातच जातात. प्युमा या त्यातल्या वेब सर्व्हरचे वर्कर शून्यावर आणून आणि देखरेख करणारे प्रोमिथियस बंद करून ते ४ जीबीत बसवता येते, पण मग पान उघडेपर्यंत चहा होतो. शिवाय 'दुसऱ्याने तपासल्याशिवाय मुख्य शाखेत कोड जाणार नाही' ही सक्ती गिटलॅबच्या फुकट आवृत्तीत नाही. तिथे संमती ऐच्छिक आहे, सक्ती विकतच्या योजनेत. फोर्जेयो आणि गिटीत ती शाखा-संरक्षणाच्या पानावर एक आकडा भरला की लागू होते. गिटलॅब वाईट नाही. कोड आपोआप तपासून तयार करणाऱ्या मोठ्या पाइपलाइनी आहेत, लोकांना त्याची सवय आहे आणि दर महिन्याला अर्धा दिवस अपडेटसाठी कुणाला तरी मोकळा ठेवता येतो, अशा ठिकाणी ते शोभते.

बाकीचे तिघे एकाच घराण्यातले. गॉग्स २०१४ चे, त्यातून २०१६ साली गिटी फुटले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटीचे नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेल्याचे जाहीर झाले, ते काहींना रुचले नाही आणि डिसेंबरमध्ये बर्लिनच्या कोडबर्ग या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली फोर्जेयो वेगळे झाले. सुरुवातीला ते गिटीच्या मागोमाग चालत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी वाट पूर्ण वेगळी केली. गिटीचा परवाना एमआयटी, फोर्जेयोचा ९व्या आवृत्तीपासून जीपीएल. ऑफिसात वापरायला दोन्ही सारखेच. त्यात बदल करून गिऱ्हाइकाला देणार असाल तरच फरक पडेल. गिटी घेतले तरी आमची हरकत नाही, फक्त एकदा ठरवा. १.२२ पर्यंतच्या गिटीवरून फोर्जेयो १० वर सरळ उडी मारता येते. त्यापुढच्या गिटीवरून तशी वाट नाही. गॉग्स मात्र आज नव्याने बसवू नका. २०२५ मध्ये त्यात एक भोक सापडले: खाते असलेला कुणीही सांकेतिक दुव्याच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलीच्या) आडून रिपॉझिटरीबाहेरच्या फाइलवर लिहू शकत होता, आणि दुरुस्ती येण्याआधीच त्याचा गैरवापर झाला.

बसवताना डेबियन घ्या आणि 'गिट' नावाचा वेगळा वापरकर्ता करा. फोर्जेयोची दीर्घ आधाराची आवृत्ती निवडा. ७ (२०२४) आणि ११ (२०२५) या तशा होत्या, त्यांच्या मालिकेतली चालू असेल ती घ्या. डेटाबेस पहिल्या दिवसापासून पोस्टग्रेस ठेवा. एसक्यूलाइटवर काम चालते, पण स्वयंचलित बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करणे) सुरू झाले की 'डेटाबेस इज लॉक्ड' दिसू लागते आणि नंतर बदलणे किचकट. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. सर्व्हर ३००० पोर्टवर चालेल, त्याच्या पुढे एनजिनएक्स हा बाहेरच्या मागण्या आत पोचवणारा वेब सर्व्हर उभा करा. 'रूट यूआरएल' मध्ये टीम जो पत्ता वापरणार तोच लिहा. तिथे 'लोकलहोस्ट' राहिले की क्लोनचे (पूर्ण प्रत उतरवून घेण्याचे) दुवे आणि ईमेलमधले दुवे सगळे चुकीचे जातात. 'डिसेबल रजिस्ट्रेशन' ट्रू करा.

बिल्ड करणारा प्रोग्राम, म्हणजे रनर, याच मशीनवर ठेवू नका. त्याला डॉकरचे (बिल्ड वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) सॉकेट दिले की बिल्डच्या फाइलमध्ये काहीही लिहू शकणाऱ्याच्या हाती त्या मशीनचे रूटच दिल्यासारखे होते. दुसरे, गिटहबसाठी लिहिलेल्या बिल्ड-फाइलमधली 'चेकआउट' सारखी तयार पावले दर वेळी इंटरनेटवरून उतरतात: गिटीत गिटहबवरून, फोर्जेयोत त्यांच्या स्वतःच्या साठ्यातून. लाइन गेली की सर्व्हर जागेवर असूनही बिल्ड अडते. त्या रिपॉझिटरींची प्रत आपल्या सर्व्हरवर घेऊन तोच पत्ता सेटिंगमध्ये द्या.

राहिला बॅकअप. फौंड्रीत कास्टिंग फुटले तर पुन्हा ओतता येते, पॅटर्न हरवला की गिऱ्हाईक हरवते. 'फोर्जेयो डंप' ही आज्ञा रिपॉझिटरी, डेटाबेस, सेटिंग, जोडफाइल्स सगळे एका झिपमध्ये बांधते. सेवा थांबवून रात्री चालवा, म्हणजे डेटाबेस आणि रिपॉझिटरी एकाच क्षणाच्या राहतील. उलट करणारी, म्हणजे झिपमधून सर्व्हर उभा करणारी आज्ञा मात्र नाही! फोल्डर हाताने जागेवर ठेवायचे, एसक्यूएल आत घ्यायचे, फाइलींची मालकी 'गिट'कडे द्यायची आणि जागा बदलली असेल तर 'ॲडमिन रिजनरेट हुक्स' चालवायचे. हे तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या मशीनवर खरेच करून पाहा आणि किती मिनिटे लागली ते लिहून ठेवा. झिपची एक प्रत ऑफिसात, दुसरी एन्क्रिप्ट करून दुसऱ्या इमारतीत.

प्रश्न: पावसाळ्यात आमच्याकडे वीज दिवसातून चार-चार वेळा जाते. परवा वीज आल्यावर एका रिपॉझिटरीत 'ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी' असा मजकूर येऊ लागला. पुश (बदल सर्व्हरवर पाठवणे) होत नाही, क्लोनही होत नाही. कोड गेला का? पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?
— खानापूर

उत्तर: बहुधा गेलेला नाही. गिटमध्ये प्रत्येकाच्या लॅपटॉपवर पूर्ण इतिहास असतो, त्याचा फायदा आज घ्या.

आधी सेवा थांबवून बिघडलेल्या रिपॉझिटरीचा फोल्डर आहे तसा एका टार फाइलीत बांधून बाजूला ठेवा. मग त्यात 'गिट एफएससीके --फुल' ही तपासणीची आज्ञा चालवा. 'डँगलिंग' म्हणणाऱ्या ओळींकडे दुर्लक्ष करा, त्या निरुपद्रवी. 'मिसिंग' आणि 'ब्रोकन लिंक' या खऱ्या. 'ऑब्जेक्ट्स' फोल्डरमधल्या शून्य बाइटच्या फाइल्स शोधून काढून टाका. आता शेवटचा पुश ज्याने केला त्याच्या लॅपटॉपवर 'गिट रीपॅक -ए -डी' चालवा (त्याने सगळे 'पॅक' नावाच्या एका गाठोड्यात जाते) आणि तिथल्या 'ऑब्जेक्ट्स/पॅक' मधल्या पॅक व आयडीएक्स फाइल्स सर्व्हरच्या त्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. मालकी 'गिट' वापरकर्त्याची करायला विसरू नका. पुन्हा एफएससीके. शाखेचीच फाइल रिकामी झाली असेल तर लॅपटॉपवरच्या शेवटच्या कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक 'अपडेट-रेफ' ने तिच्यात भरा. नुसते पुन्हा पुश करून हे सुटत नाही, कारण सर्व्हरवरची शाखा त्याच कमिटकडे बोट दाखवत असेल तर गिट 'सगळे आधीच पोचले आहे' म्हणून मोकळा होतो.

आता हे का झाले ते बघा. पुशमध्ये १०० पेक्षा कमी वस्तू (ऑब्जेक्ट) असतील तर गिट त्या सुट्या करून एकेक फाइल म्हणून लिहितो. जास्त असतील तर पॅक तसाच ठेवतो. पॅक डिस्कवर पक्का उतरल्याची खात्री गिट करून घेतो, सुट्या फाइल्सची मूळ सेटिंगनुसार घेत नाही. रोजचे पुश लहानच असतात. म्हणजे वीज नेमकी दोन-चार सेकंदांत गेली की नाव आहे पण आत काही नाही, अशी फाइल उरते. उपाय दोन ओळींचा आहे. फोर्जेयोच्या ॲप डॉट आयएनआयमध्ये 'गिट डॉट कॉन्फिग' असा भाग करून त्यात 'कोअर डॉट एफसिंक' ला 'ऑल' आणि 'रिसीव्ह डॉट अनपॅकलिमिट' ला १ अशी किंमत द्या. पहिल्यासाठी गिट २.३६ किंवा पुढचा लागतो. पुश किंचित सावकाश होईल, टीमला कळणारही नाही.

विजेकडेही बघू. घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर लावला असेल तर त्याचे मागचे बटण 'यूपीएस मोड'वर आहे का पाहा. संगणकाचा एसएमपीएस (आतली वीजपुरवठ्याची पेटी) वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर त्याहून जास्त वेळ घेतो, पंख्याला ते चालते, संगणकाला नाही. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. ६० टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टरची स्वतःची भूक वजा करायची म्हटले तरी मिनी पीसी आणि राउटर मिळून ४० वॉट भार बारा तास सहज निघतो. पण इन्व्हर्टर संगणकाला 'आता बंद हो' असे सांगू शकत नाही. त्यासाठी मधे यूएसबी तार असलेला लहान यूपीएस ठेवा आणि 'नट' हे सॉफ्टवेअर बसवून बॅटरी उतरली की सर्व्हर आपोआप नीट बंद होईल असे करा. बायोसमध्ये 'वीज परतल्यावर चालू' ही सेटिंग लावा, नाहीतर रविवारी कुणालातरी छत्री घेऊन बटण दाबायला जावे लागेल. आणि विजा कडाडतात तेव्हा सर्वांत आधी नेटवर्कच्या तारेतून येणारा झटका राउटर आणि लॅनकार्ड नेतो. बाहेरून आलेली तांब्याची तार असेल तर तिला वेगळा सर्ज प्रोटेक्टर हवाच.

प्रश्न: आमच्या काही फाइल्सचे नाव मराठीत, काहींचे कन्नडमध्ये आहे. गिट स्टेटसमध्ये ती नावे तिरप्या रेघा आणि आकड्यांची दिसतात. त्याहून वाईट म्हणजे 'दुसऱ्या-पाळीचा-अहवाल' ही फाइल सर्व्हरवर दोनदा दिसते, नाव अगदी एकच!
— चिकोडी

उत्तर: पहिली गोष्ट सोपी. गिट इंग्रजीबाहेरची अक्षरे अष्टमान आकड्यांत दाखवतो. ३४०-२४४ किंवा ३४०-२४५ ने सुरू होणारे देवनागरी, ३४०-२६२ किंवा ३४०-२६३ चे कन्नड. एवढ्यावरून तुम्हाला निदान लिपी ओळखता येईल. 'कोअर डॉट कोटपाथ' फॉल्स करा, प्रत्येकाच्या मशीनवर, की नावे नीट दिसतील.

दुसरी गोष्ट 'ऱ' मुळे झाली. युनिकोडमध्ये ऱ दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. तिसरा प्रकारही आहे, काही कळफलक र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा 'र्‍य' घडवतात. पडद्यावर तिन्ही एकच. लिनक्सला मात्र ही तीन वेगळी नावे वाटतात, आणि सर्व्हर लिनक्सचा असतो. कन्नडमधल्या ओकाराचेही असेच आहे, तोही अखंड किंवा दोन तुकड्यांत लिहिता येतो. तुमच्या टीममध्ये एखादा मॅक असेल तर त्यावर 'कोअर डॉट प्रीकम्पोजयुनिकोड' ट्रू आहे का तपासा. मग लिनक्सवर बसून (मॅकवर नको, तिथे दोन्ही एकच फाइल समजल्या जातात) दोन्हींतला मजकूर ताडून एक काढून टाका.

आमचे मत विचाराल तर फाइलींची नावे रोमन ठेवा आणि मराठी-कन्नड मजकूर फाइलींच्या आत. भाषेच्या प्रेमात काही कमी पडत नाही. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि आपले प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत नाव संपवावे लागते. मजकुराच्या फाइलीवर गिटी किंवा फोर्जेयो कधी 'अदृश्य युनिकोड अक्षरे आहेत' अशी पिवळी पट्टी दाखवते. ती लपवलेल्या कोडपासून सावध करण्यासाठी आहे. भाषांतराच्या फाइलीत ती वरच्या जोडचिन्हामुळे आली असेल तर काळजी नको. प्रोग्रामच्या फाइलीत आली तर मात्र ओळ उघडून बघाच.

प्रश्न: सर्व्हर निपाणीत, घरच्या फायबरवर. दोन सहकारी कोल्हापुरात असतात, त्यांना तो दिसतच नाही. राउटरवर पोर्ट उघडून पाहिले. सर्टिफिकेटही मिळत नाही.
— निपाणी

उत्तर: राउटरच्या पानावरचा बाहेरचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान सुरू होत असेल तर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळालेलाच नाही. एकाच पत्त्यामागे तुमच्यासारखी शेकडो घरे आहेत. पोर्ट कितीही उघडा, कोगनोळी नाक्याच्या पलीकडून कुणी आत येणार नाही. एकतर सेवा देणाऱ्याकडून स्थिर आयपी विकत घ्या, नाहीतर लहानसा भाड्याचा सर्व्हर घेऊन त्याच्याशी वायरगार्ड (दोन मशीनमधला खासगी बोगदा, व्हीपीएन) जोडा. आमची पसंती दुसऱ्याला, कारण मग गिट सर्व्हर उघड्या इंटरनेटवर येतच नाही. घरच्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ ठेवा; तो नसेल तर थोडा वेळ शांत गेल्यावर राउटर वाट बंद करतो आणि 'सकाळी चालत नाही' अशी तक्रार येते. लहान क्लोन होतो पण मोठा मधेच थिजतो असे झाले तर वायरगार्डचा एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) १२८० करून पाहा.

सर्टिफिकेट फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टला ८० पोर्टची गरज नाही. डोमेनच्या नोंदीत एक मजकूर टाकून खात्री पटवायची पद्धत वापरा, सर्व्हर आतल्या जाळ्यात असला तरी चालते. नूतनीकरण आपोआप होईल असेच लावा. मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केले आहेत.

प्रश्न: एचटीटीपीएसने पुश करताना ४१३ चा दोष येतो. 'पोस्टबफर' वाढवला, उपयोग नाही.
— अथणी

उत्तर: होणारही नाही, दोष सर्व्हरच्या दारातला आहे. एनजिनएक्स मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपेक्षा मोठी मागणी नाकारतो. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइझ' ५१२ एमबी करा आणि एनजिनएक्स रीलोड करा. एसएसएचने पुश केल्यास हा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: गिटलॅब १५.४ वरून एकदम १७ वर जाण्याचा प्रयत्न केला, अडकलो. शिवाय जुन्या बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर उभे केले तर लॉगिन होते पण काही पानांवर ५०० येतो.
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: गिटलॅबला थांबे चुकवून चालत नाही. १५.४ नंतर १५.११, १६.३, १६.७, १६.११, १७.३, १७.५, १७.८, १७.११ असे जा. काही मोठ्या सर्व्हरना १७.१ लाही थांबावे लागते. प्रत्येक थांब्यावर ॲडमिनच्या पानावर मागे चाललेली डेटाबेसची कामे पूर्ण झाली का पाहूनच पुढे निघा. १७ ला पोस्टग्रेस १४ लागते, १८ ला १६.

५०० म्हणजे सर्व्हरच्या आतला दोष, आणि त्याचे कारण बॅकअपमध्ये नसलेली किल्ल्यांची (सीक्रेट्सची) फाइल आहे. 'गिटलॅब-सीक्रेट्स डॉट जेसन' आणि 'गिटलॅब डॉट आरबी' या दोन फाइल्स बॅकअपची आज्ञा मुद्दामच घेत नाही, कारण कुलूप आणि किल्ली एका पेटीत नसावी. जुन्या मशीनच्या 'ईटीसी/गिटलॅब' मधून त्या आणा. मशीन मोडीत गेली असेल तर बिल्डची गुप्त व्हेरिएबल्स, दुहेरी पडताळणी आणि रनरची टोकने पुसून नव्याने भरावी लागतील. कोड सुरक्षित राहतो.

प्रश्न: शेवटच्या वर्षाच्या मुलांचे साठ प्रकल्प ठेवायला कॉलेजात फोर्जेयो लावले. आठवड्यात शेकडो अनोळखी खाती झाली, आणि आता डिस्क भरत चालली आहे.
— एक प्राध्यापिका, बेळगाव

उत्तर: नोंदणी आजच बंद करा, मॅडम. मुलांची खाती यादीवरून 'फोर्जेयो ॲडमिन यूजर क्रिएट' ने एका लूपमध्ये बनवा आणि 'पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदला' ही अट घाला. डिस्क बहुधा 'रेपो-आर्काइव्ह' फोल्डरने भरली असेल: इंटरनेट चाळणारे यंत्रमानव प्रत्येक कमिटचा झिप मागत सुटतात आणि सर्व्हर इमानेइतबारे बनवत बसतो. 'रिक्वायर साइन-इन व्ह्यू' ट्रू केले की लॉगिनशिवाय काही दिसणार नाही. 'मॅक्स क्रिएशन लिमिट' ५ ठेवा. मूळ सेटिंगमध्ये मर्यादाच नसते. प्रत्येक तुकडीला एक संघटना, प्रत्येक गटाला एक टीम, असे केले की परीक्षेनंतर सगळे एकदम वाचनापुरते करता येते.

प्रश्न: डायचे ड्रॉइंग आणि कॅडच्या फाइल्सही त्याच रिपॉझिटरीत ठेवतो. क्लोनला अर्धा तास लागतो.
— मच्छे

उत्तर: गिट एलएफएस (मोठ्या फाइल्स वेगळ्या ठेवून इतिहासात फक्त त्यांच्या चिठ्ठ्या ठेवणारी सोय) लावा आणि कॅडचे प्रकार 'लॉकेबल' म्हणून नोंदवा. दोघांनी एकच ड्रॉइंग बदलले तर ते गिटला जोडता येत नाही, एकाचे काम वाया जाते; 'एलएफएस लॉक' ने आधीच कुलूप लावता येते. पण आज एलएफएस सुरू केले म्हणून जुन्या फाइल्स इतिहासातून जात नाहीत. 'एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट' ने इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि त्यानंतर सगळ्यांनी जुने क्लोन टाकून नवे घ्यायचे. एखाद्याने जुन्या क्लोनमधून पुश केला की सगळा कचरा परत आत येतो, म्हणून हे काम शनिवारी संध्याकाळी, सगळ्यांचे पुश थांबवून करा. आणि आरसा-क्लोनवर (रिपॉझिटरीच्या हुबेहूब प्रतीवर) बॅकअप अवलंबून असेल तर सावध: त्यात एलएफएसच्या फाइल्स येत नाहीत, फक्त त्यांच्या चिठ्ठ्या येतात. 'एलएफएस फेच --ऑल' वेगळे चालवावे लागते.